चौकातलं रँगल बेट: प्राण्यांची खऱ्या मापाची रांगोळी कशी काढावी

पुस्तकात वॉलरस हा सुळेवाला समुद्री प्राणी आणि लेमिंग हा उंदरासारखा चिमुकला प्राणी शेजारी शेजारी, एकाच मापाच्या चौकटीत छापलेले असतात. चौथीतल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की दोघंही थंडीत राहतात. त्यातला एक साडेअकरा फुटांचा आणि दुसरा तळहातावर मावणारा, हे वाचून पाठ होतं पण मनात उतरत नाही. फरशीवर खऱ्या मापात काढलं की उतरतं. म्हणून सुट्टीत चाळीच्या चौकात, सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या पटांगणात मुलांना हाताशी घेऊन उत्तरेकडच्या एका बेटावरचे सस्तन प्राणी रांगोळीत कसे काढायचे, ते सांगते.

मी चित्रकलेची शिक्षिका, राहते गिरगावात. आमच्या चाळीला तीन बाजूंनी गॅलऱ्या आहेत आणि मधे शहाबादी फरशीचा चौक. रांगोळी खाली आणि बघणारे वर, अशी सोय आयती मिळते. ज्यांच्याकडे गॅलरी नाही त्यांनी जिन्याच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून बघायची व्यवस्था करावी. मोठं चित्र उभं राहून जमिनीवरून नीट दिसत नाही, ते उंचीवरूनच बघायला हवं.

बेट मी रँगलच घेते. रशियाच्या ईशान्य टोकाच्याही वर, पूर्व सायबेरियन समुद्र आणि चुक्ची समुद्र यांच्या मधे, साधारण 71 अंश उत्तरेला हे बेट आहे. मुंबई 19 अंशांवर. 180 रेखांशाची रेघ बेटावरूनच जाते, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशात ते अगदी कडेला, कधी कधी दोन तुकड्यांत सापडतं. मुलांना ते पृथ्वीच्या गोलावर शोधायला लावा. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. 1976 पासून ते राखीव क्षेत्र आहे आणि 2004 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जमिनीवरचे आणि समुद्रातले, दोन्ही प्रकारचे सस्तन प्राणी एवढ्या दाटीने एकाच बेटावर भेटतात, म्हणून ते चौकात मांडायला सोपं जातं.

सामान आणि जागा

पांढरी रांगोळी जाडसर घ्या. फार बारीक पूड मुलांच्या मुठीतून धड सुटत नाही आणि वाऱ्याने उडते. गेरू, कोळशाची पूड, थोडा पिवळा आणि थोडा गुलाबी रंग लागेल. एवढ्या रंगांत सगळं बेट होतं. बाजारात मिळणारे झगझगीत जांभळे-पोपटी रंग या कामाला घेऊ नका, या प्राण्यांच्या अंगावर ते रंग नाहीत. सुताराकडून लाकडाचा भुसा मागून आणा, केसाळ जनावरांसाठी तो फार कामाला येतो. याशिवाय सुतळीचं बंडल, मापाची टेप, खडू, चहाच्या दोन-तीन जुन्या गाळण्या आणि चौकोनी गणिताची वही.

काम सकाळी लवकर धरा. मे महिन्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि गाळणीतून पाडलेला रंग भलतीकडे जातो. जिन्यापासून नळापर्यंत तीन फुटांची वाट मोकळी सोडा, कारण फरशीवर रांगोळी पसरली की पाय सटकतो आणि चाळीत वयस्कर माणसं असतात. ही वाट आधी खडूने आखूनच घ्या. ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे त्यांना रंग भरायला बसवू नका, त्यांच्याकडे टेप आणि वही द्या. मोजणाराचं काम या खेळात सर्वांत मानाचं आहे, हे त्यांना पटतंही.

मोठं करायची रीत एकच. प्राण्याचा बाजूने घेतलेला चांगला फोटो बघून वहीच्या जोडपानावर त्याची बाह्यरेषा काढायची. वहीतला एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे सहा इंच. मग सुतळी गेरूत घोळवून दोघांनी ताणून धरायची आणि मधून टिचकी मारायची, म्हणजे सरळ रेघ उमटते. गवंडी असंच सूत मारतात. सहा-सहा इंचांवर आडव्या-उभ्या रेघा मारल्या की वहीतली चौकट जमिनीवर उतरते. एकेक चौकोन बघत आधी खडूने रेषा काढायची, वर गॅलरीत एकाला उभं करून ती तपासून घ्यायची, आणि मगच रांगोळी हातात घ्यायची. खडूची रेघ पुसता येते.

आधी लेमिंग

मुलांना थेट अस्वल काढायचं असतं. तरी सुरुवात लेमिंगनेच करा.

लेमिंग म्हणजे आखूड शेपटीचा, गुबगुबीत, उंदराच्या जातीचा प्राणी, पाच-सहा इंचांचा. रँगलवर त्याच्या दोन जाती आहेत आणि दोन्ही त्या बेटापुरत्याच आहेत. त्यातला एक हिवाळ्यात पांढरा होतो आणि त्याच्या पुढच्या पायांच्या मधल्या दोन नख्या जाड, दुहेरी होतात, कडक बर्फ उकरायला. दुसरा बाराही महिने तपकिरी. दोन्ही काढा. एवढं लहान चित्र काढताना रांगोळी चिमटीतच धरावी लागते, मुठीने जमत नाही. कान केसांत दडलेले, शेपूट जेमतेम. मुलं सवयीने उंदराची लांब शेपटी काढतात, तिथे लक्ष ठेवा.

लेमिंगच्या वर फूटभर जाड पांढरा पट्टा द्या. तो बर्फ. एवढं छोटं अंग उघड्यावर थंडी सोसू शकत नाही. अंग जितकं लहान तितकी वजनाच्या मानाने त्वचा जास्त, आणि ऊब त्वचेतूनच जाते. म्हणून लेमिंग हिवाळाभर बर्फाच्या खाली, जमिनीला लागून बोगदे करून राहतो, गवताची घरटी करतो आणि तिथेच पिल्लंही घालतो. वरच्या हवेपेक्षा तिथे पुष्कळ ऊब असते.

तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी दरवेळी कठड्याशी येऊन बसतात. लेमिंग बघून त्यांनी वरूनच विचारलं, "एवढ्याशा जिवाला अस्वलांच्या गावात विचारतो कोण?" हा प्रश्न कुणी विचारला नाही तर तुम्ही विचारा, कारण बेटाचा हिशेब याच्यापाशी येऊन थांबतो. काही वर्षं लेमिंग भरमसाट वाढतात, मग एकदम घटतात. ते भरपूर असतील त्या वर्षी हिमघुबडं अंडी घालतात आणि ध्रुवीय कोल्ह्याच्या बिळात डझनभर पिल्लं दिसू शकतात. घटले की घुबडं त्या वर्षी घरटंच करत नाहीत. याहून मजेची गोष्ट बदकांच्या कुळातल्या हिमहंसांची. घुबड आपल्या घरट्याजवळ कोल्ह्याला फिरकू देत नाही, म्हणून हे हंस मुद्दाम घुबडाच्या शेजारी घरटी करतात. लेमिंग नसतील तर घुबड नाही, घुबड नसेल तर हंसांच्या अंड्यांची राखण नाही. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे बिऱ्हाड उंदराच्या जिवावर चाललंय." तसंच आहे.

कोल्हा लेमिंगच्या जवळच काढा. डोकं-धड मिळून दोन फुटांच्या आत आणि वर फूटभर शेपूट. कान लहान आणि गोल, तोंड आखूड, पाय आखूड, तळव्यांनाही केस. राणीच्या बागेत बघितलेला आपला कोल्हा मुलांच्या डोळ्यांसमोर असतो, त्याचे लांब कान इथे काढू द्यायचे नाहीत. उघडा अवयव जितका मोठा तितकी ऊब वाया, हे मुलांना एकदा सांगितलं की पुढच्या प्रत्येक प्राण्याचे कान ती स्वतःच तपासून बघतात.

वॉलरस

वेळ सगळ्यात जास्त इथे द्या. पूर्ण वाढलेला नर वॉलरस सव्वातीन ते साडेतीन मीटरपर्यंत जातो आणि वजन दीड टनाच्या वर. साडेअकरा फूट धरा, म्हणजे वहीतले तेवीस चौकोन. मधली रेघ मारून झाली की मुलांना तिच्यावर झोपायला सांगा. आमच्याकडे तिसरी-चौथीची तीन मुलं डोक्याला पाय लावून निजली तेव्हा कुठे रेघ संपत आली. त्या क्षणी चौकात जी शांतता पसरते, ती फळ्यावर शिकवून कधी मिळत नाही.

बाह्यरेषा काढताना चार ठिकाणं सांभाळा. एक, बाहेरचा कान नाही. डोळ्यामागे नुसतं बारीक छिद्र आहे, तिथे एक ठिपका पुरे. दोन, डोकं शरीराच्या मानाने लहान आणि मान थेट खांद्यात बुडालेली. सर्वांत जाड भाग खांदे-छातीचा, तिथून मागे शरीर निमुळतं होतं. तीन, मागचे वल्ह्यासारखे पाय पोटाखाली पुढे दुमडलेले दाखवा. वॉलरसला ते पुढे वळवून चारही पायांवर चालता येतं. त्याच्या शेजारी जो ठिपक्यांचा छोटा सील काढाल, त्याचे मागचे पाय मागेच सरळ राहतात आणि तो जमिनीवर पोटाने सरकतो. दोघांमधला हा फरक बाह्यरेषेतच दिसायला हवा. चार, सुळे. हे वरच्या जबड्याचे सुळे आहेत, नर-मादी दोघांनाही असतात. नराचे दोन-अडीच फूट काढा, सर्वांत मोठे तीन फुटांच्या आसपास जातात. मादीचे बारीक आणि जरा वळलेले.

सुळ्यांनी वॉलरस समुद्राचा तळ उकरतो, असं अजूनही पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तसं नाही. बर्फावर अंग ओढून घ्यायला, एकमेकांना धाक दाखवायला आणि भांडायला तो ते वापरतो. अन्न शोधायचं काम मिशांचं. वरच्या ओठावर चारशे ते सातशे राठ केस असतात, ओळींनी लावलेले आणि अतिशय संवेदनशील. तळाच्या अंधारात, गढूळ पाण्यात तो मिशांनी चाचपत जातो, तोंडातून पाण्याचा झोत मारून चिखल उडवतो, शिंपला ओठांत धरतो आणि जीभ मागे खेचून आतला जीव शोषून घेतो. शिंपलं तिथेच टाकतो. एका जेवणात हजारो शिंपले होतात.

म्हणून मिशा मुलांनी घालायच्या. प्रत्येकाने चिमटीत रांगोळी घेऊन वीतभर लांबीच्या बारीक रेघा ओढायच्या आणि मोठ्याने मोजायच्या. ओठाचा भाग आधी गेरूने गडद भरून घ्या म्हणजे पांढरे केस उठून दिसतील. चारशेपर्यंत मोजायचा कंटाळा येईल असं तुम्हाला वाटेल, पण येत नाही. दुसऱ्या मजल्यावरची एक एरवी घुमी असणारी मुलगी ओळीने मिशा ओढत बसली आणि तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रेघा एकमेकींना चिकटू न देता ओठाच्या गोलाईप्रमाणे वळवत न्यायच्या, हे तिने न सांगता केलं.

रंगासाठी जमलं तर दोन वॉलरस काढा. थंड पाण्यातून नुकताच आलेला वॉलरस फिका, राखाडी दिसतो, कारण ऊब राखायला त्वचेतलं रक्त आत ओढलेलं असतं. तोच उन्हात पडला की त्वचेत रक्त येतं आणि अंग तांबूस-गुलाबी होतं. पहिल्याला पांढऱ्या रांगोळीत चिमूटभर कोळसा. दुसऱ्याला गेरूत पांढरी आणि थोडा गुलाबी. गाळणी हलवत रंग पाडा, हाताने पसरू नका, म्हणजे जाड, सुरकुतलेली कातडी दाखवायला वरून बोटाने रेघा ओढता येतात. एका मोठ्या नराला तीन किलोच्या आसपास रंग लागतो.

मुलं विचारतील, हे एवढे बेटावर येतात कशाला? वॉलरसला दोन गोष्टी लागतात: उथळ समुद्र, ज्याच्या तळाशी शिंपले आहेत, आणि दोन बुड्यांच्या मधे विसावायला जागा. चुक्ची समुद्र पुष्कळसा उथळ आहे आणि तिथे तरंगत्या बर्फावर माद्या पिल्लांना घेऊन बसतात. उन्हाळ्याच्या अखेरीला बर्फ उत्तरेला खोल पाण्यावर सरकला की तळ हाताशी राहत नाही, मग कळप किनाऱ्याकडे येतात. रँगलच्या परिसरात काही वर्षी एक लाखापर्यंत वॉलरस जमतात, असं युनेस्कोच्या नोंदीत आहे. किनाऱ्यावर ते खेटून पडतात, आणि अस्वल दिसलं किंवा कसला आवाज झाला की सगळे एकदम पाण्याकडे धावतात. त्या धावपळीत पिल्लं चेंगरतात. समुद्रावरचा बर्फ जितका लवकर मागे हटतो, तितका किनाऱ्यावरचा हा मुक्काम लांबतो. मुलांना हे सांगायचं की नाही, असा प्रश्न मला काही पालकांनी केला आहे. मी सांगते. चार फुटांचं पिल्लू आईच्या पाठीशी काढून झालेलं असतं आणि मुलं त्याच्याशी बोलायला लागलेली असतात. त्यांना खरं कळायलाच हवं.

अस्वल आणि त्याची गुहा

ध्रुवीय अस्वलाची मादी काढा, नर नको. मादी सात फुटांची धरा, नाकापासून शेपटीपर्यंत. मान लांब, डोकं अरुंद, कान छोटे, मागचा भाग खांद्यांपेक्षा किंचित उंच. रंग भरताना शुद्ध पांढरा टाळा. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा मिसळा, कारण खरं अस्वल बर्फाशेजारी पिवळसरच दिसतं. त्याचा केस मुळात रंगहीन आणि पारदर्शक असतो, उजेड विखुरल्यामुळे पांढरा भासतो. खालची कातडी काळी. नाक, ओठ आणि डोळ्यांभोवती कोळसा वापरा.

मग शेजारी गुहेचा उभा छेद काढा. खाली अरुंद बोगदा, त्यातून वर चढत गेलेली खोली, साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट उंच. खोली बोगद्याच्या तोंडापेक्षा वर असते, त्यामुळे ऊबदार हवा आतच राहते. मुलांना ते कळतं, माळ्यावर उकडतं हे त्यांना ठाऊक असतं. मादी थंडीच्या सुरुवातीला डोंगरउतारावरच्या साचलेल्या बर्फात अशी खोली करते, ऐन अंधाराच्या महिन्यांत तिथे पिल्लं होतात, बहुधा दोन, आणि मार्च-एप्रिलला ती त्यांना घेऊन बाहेर पडते. तोवर ती काही खात नाही, अंगावरच्या चरबीवर जगते आणि पिल्लांना दाट दूध पाजते. ध्रुवीय अस्वलांच्या अशा गुहांची जगातली सर्वांत मोठी दाटी रँगलवर आहे.

नवजात पिल्लू फूटभर लांब, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. गुहेत दोन पिल्लं काढा आणि बाहेर, थोडं अंतर ठेवून, मोठ्या नराच्या पुढच्या पंजाचा ठसा काढा. त्याची रुंदीही फूटभर. टेप एकदा पिल्लावर आणि एकदा पंजावर ठेवायला लावा, वर काही बोलू नका.

2017 च्या सप्टेंबरमध्ये बेटाच्या किनाऱ्याला एक मेलेला बोहेड देवमासा लागला होता आणि तो खायला दोनशेहून अधिक अस्वलं एकत्र आल्याचं जहाजावरच्या प्रवाशांनी पाहिलं. बर्फ नसताना अस्वलाला सील धरता येत नाहीत, मग किनाऱ्यावर जे येईल त्यावर भागवावं लागतं. सील त्याच्यासाठी किती मोलाचा, हे दाखवायला एक अंगठीसारख्या वलयांचा छोटा सील काढा, सव्वाचार फुटांचा. हा पुढच्या पायांच्या नखांनी बर्फात श्वासाची भोकं उघडी ठेवतो आणि अस्वल त्या भोकापाशी वाट बघत बसतं.

या टप्प्याला कुणीतरी हमखास विचारतं, पेंग्विन कुठे काढायचा? राणीच्या बागेत 2017 पासून पेंग्विन बघायला मिळतात, त्यामुळे मुंबईच्या मुलांच्या मनात थंडी म्हणजे पेंग्विन. त्यांना गोलावर दक्षिणेकडचा भाग दाखवा. पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल रानात कधी भेटत नाहीत. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन तर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचे.

मस्क ऑक्सला, म्हणजे लांब केसांच्या बैलासारख्या जनावराला, भुसा लागतो. खांद्याशी चार फूट उंच, सात फूट लांब, आणि बाहेरचे केस दोन फुटांपर्यंत लोंबणारे, जवळजवळ खुरांपर्यंत. भुसा गेरू-कोळशात रंगवून वरून खाली ओढत नेला की ते केस छान उतरतात. हा प्राणी बेटावर 1975 साली आणला, अलास्काजवळच्या नुनिवाक बेटावरून वीस जनावरं. आज तिथे शेकडो आहेत. लांडगे आले की कळप पिल्लांना मधे घेऊन, शिंगं बाहेर करून उभा राहतो. एकच मस्क ऑक्स काढा आणि बाकीचं कडं मुलांनी करावं, तोंडं बाहेर, लहान भावंडं आत. रेनडिअरही माणसांनीच 1948 साली नेले. त्याला वेळ उरला तरच काढा. काढलात तर मादीलाही शिंगं द्या.

देवमासा चौकात मावत नाही

करडा देवमासा चौदा मीटरपर्यंत जातो, म्हणजे सेहेचाळीस फूट. तो वाळूवर काढायचा. गिरगाव, दादर, जुहू, जिथे जवळ पडेल तिथे. दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा निवडा. उधाणाच्या त्या दिवसांत मुंबईला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि सकाळी सहाच्या आसपास ओहोटी पार आत जाते. ओली, घट्ट वाळू भरपूर उघडी पडते. वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या आणि पाणी परतायच्या आत मुलांना वर आणा. पावसाळ्यात हा बेत करू नका.

इथे रंग अजिबात न्यायचा नाही. सुतळी, टेप आणि बांबूची काठी पुरते. सेहेचाळीस फुटांची मधली रेघ मारा आणि देवमासा वरून बघितल्यासारखा काढा. डोकं निमुळतं, त्यावर नाकाची दोन छिद्रं. पाठीवर उभा पर नाही, त्याऐवजी एक बुटका उंचवटा आणि तिथून शेपटीपर्यंत उतरत जाणारी छोट्या गाठींची ओळ. या गाठी ओल्या वाळूच्या मुठी ठेवून करा. शेपटीची रुंदी दहा फूट. अंगावर पांढरट चट्टे असतात, त्वचेला चिकटलेल्या शंखवर्गीय दिसणाऱ्या पण खेकड्या-कोळंबीच्या कुळातल्या जिवांचे. वाळूत पडलेले शिंपल्यांचे तुकडे त्यासाठी वापरा, आणि पिल्लू पंधरा फुटांचं, आईला लागून.

हे देवमासे हिवाळ्यात मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या खाड्यांत पिल्लं घालतात आणि उन्हाळ्यात खायला थेट इकडे, रँगलच्या समुद्रापर्यंत येतात. जाऊन-येऊन सोळा हजार किलोमीटरच्या वर प्रवास. दात नाहीत, वरच्या जबड्याला झालरीसारख्या पट्ट्या. तळाशी जाऊन कुशीवर वळायचं, बहुधा उजव्या, तोंडात चिखल ओढायचा आणि पट्ट्यांतून गाळून त्यातले बारीक जीव खायचे. मुलांना गाळणी आठवतेच.

2016 च्या जानेवारीत जुहूच्या वाळूवर ब्राइड्स जातीचा मेलेला देवमासा लागला होता, तीस फुटांहून लांब. तो बघितलेल्यांपैकी कुणी मोठं माणूस सोबत असेल तर त्याला बोलतं करा. आपल्या समुद्रातही देवमासे आहेत आणि किनाऱ्यालगत कुबडवाले डॉल्फिन आहेत, हे मुलांनी अशा माणसाकडून ऐकलेलं जास्त टिकतं.

मॅमथ

शेवटी चौकातल्या एका कोपऱ्यात मॅमथ, म्हणजे हत्तीच्या कुळातलं, आता नामशेष झालेलं केसाळ जनावर. पूर्ण जनावर काढू नका, त्याचा फक्त एक सुळा आणि एक दाढ काढा. बेटावर आज त्याचे सुळे, दाढा आणि हाडंच सापडतात, नद्यांच्या पात्रांतून आणि गाळातून वर येतात. सुळा आठ फुटांचा, मोठ्या गोलाईत वळलेला. दाढ वीतभराहून मोठी, तिच्यावर आडव्या कंगोऱ्यांच्या ओळी. मुख्य भूमीवरचे मॅमथ बहुतेक संपून हजारो वर्षं झाली, तरी रँगलवर ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होते. समुद्राची पातळी चढून बेट मुख्य भूमीपासून तुटलं आणि त्यावर राहिलेला छोटा कळप पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जगत राहिला. इजिप्तचे मोठे पिरॅमिड तेव्हा उभे होते आणि मोहेंजोदडोत माणसं राहत होती. सातवी-आठवीच्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातली पट्टी काढून त्यावर हा कळप कुठे येतो ते दाखवायला सांगा. सुळा पांढऱ्या रांगोळीने नुसता रेषेत ठेवा, आत रंग भरू नका.

आवरताना

संध्याकाळी सगळ्या मजल्यांना बघून झालं की लगेच पाण्याचा पाइप लावू नका. आधी कोरडीच केरसुणीने गोळा करा. वरची पांढरी आणि भुसा पुन्हा वापरता येतो, तो चाळून डब्यात भरा. मिसळलेला रंग वेगळ्या पिशवीत, पुढच्या वेळी वॉलरसला तोच चालतो. मग ओल्या फडक्याने फरशी पुसा, गेरूचे डाग राहिले तर ते दोन दिवसांत पायांनी जातात. वहीतली चौकटींची पानं फाडू नका. त्यावर प्रत्येक प्राण्याचं नाव, माप आणि एक चौकोन म्हणजे किती इंच ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या सुट्टीत मोठी मुलं लहानांना घेऊन तुमच्याशिवायही सुरुवात करतील.